कौसाकाकूची शंका

मी ब्लाऊज शिवते. शेलूबाजारात हायवे सोडून आत वळलं, की पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक टेबल, भिंतीला खिळे. बाया येतात, कापड देतात, माप देतात, कधी मिळेल विचारतात आणि जातात. कौसाकाकू पहिल्यांदा आली तेव्हा कापड देऊन गेली नाही. स्टूल ओढून टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "काप."

मी लग्न होऊन नवीनच आले होते. म्हटलं, "काकू, आज नाही होणार. आधीच्या बायांचे पडले आहेत."

"मंग त्यायचे काप. माहं येईन तवा पाहीन."

आणि खरंच बसून राहिली. गिरणी बंद झाली, ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं, तरी बाई हलेना. शेवटी वैतागून मी तिचंच कापड आधी घेतलं. कात्री जाईल तिकडं तिची नजर जात होती. कापून झाल्यावर उरलेल्या चिंध्या तिनं माझ्या हातातून काढून घेतल्या, ब्लाऊजच्या तुकड्यांना एकेक लावून पाहिल्या आणि कमरेला खोचल्या.

"काकू, तुमच्या चिंध्यांचं मी काय करणार होते?" मी विचारलं. मला राग आला होता, आणि माझा राग काही लपत नाही.

"तेच त मले समजून नायी राह्यलं," ती म्हणाली. "काय करतं तू त्यायचं?"

अशी ओळख झाली. तिच्या आणि माझ्या घराच्या मधे एकच भिंत आहे हे नंतर कळलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला.

दिसायला किडकिडीत. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, आणि बोलणाऱ्याकडं पाहताना डावा डोळा जरा बारीक. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत, शेत बटाईनं दिलेलं. दिवसभराचं काम एकच, ओट्यावर बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशवीत काय असेल याचा अंदाज घ्यायचा. तिचा कोणावरच विश्वास नव्हता आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. "इश्वास त पानपतातच गेला," असं ती भाजीवाल्याला म्हणायची, कंडक्टरला म्हणायची, आणि सप्त्यात आलेल्या एका कीर्तनकार महाराजांनासुद्धा म्हणाली होती.

गॅसवाला आला की टाकीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावायची आणि चहा उकळेपर्यंत त्याला बसवून ठेवायची. चहा त्यालाच द्यायची, म्हणून तोही बसायचा. कोणी म्हणालं, "काकू, तब्येत बरी दिसते," तर संध्याकाळपर्यंत तिला चैन नसे, याला आपल्याकडून काय पाहिजे असेल म्हणून. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की आधी सांगायची, "मांगची भिंत दाखव." तो खरंच घरी आहे की नाही ते पाहायचं असे. मग सुनेला फ्रीज उघडून दाखवायला लावायची. एकदा कोणीतरी फोनवर सांगितलं, बँकेतून बोलतो, तुमचं कार्ड बंद पडणार आहे. काकूनं त्यालाच धरलं. गाव कोणतं, मामाकडचं आडनाव काय, लग्न झालं का, नाही झालं तर काहून नाही झालं. शेवटी त्यानंच फोन ठेवला. ही मात्र दोन दिवस हळहळत होती, की त्या पोराला मुली का देत नाहीत ते कळायचं राहून गेलं.

तिची विचारण्याची एक रीत होती. सरळ कधी विचारायची नाही. झालेलीच नाही अशी गोष्ट झाली असं धरून बोलायची आणि समोरचा काय करतो ते पाहायची. गल्लीतल्या एका मुलीसाठी मालेगावचं स्थळ आलं होतं. सगळे बैठकीत पोहे खात बसले आणि काकू पाणी प्यायच्या निमित्तानं शेजारच्या घरात शिरली. शेजारणीला म्हणाली, "तुमच्या बाजूच्या या पोट्ट्यानं दारू सोडली म्हनतात. लय चांगलं केलं बाप्पा." शेजारीण म्हणाली, "कायची सोडली वं माय." झालं. स्थळ तिथंच मोडलं. तेव्हापासून लोक तिला टाळायचे, आणि मुलगा पाहायला जाताना गाडीत पहिली जागा तिलाच द्यायचे.

माझं म्हणाल तर मला तिचा कंटाळा यायचा. शंकेखोर माणसाच्या शेजारी राहिलं की आपणही विनाकारण हात झटकून दाखवायला लागतो. मी तर माझ्याच घरात साखरेचा डबा आवाज न करता उघडायला शिकले होते.

समोरच्या घरात शांताबाई राहायची, दोन सुना घेऊन. थोरली मंदा, तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, अंगानं भरलेली आणि हसरी. धाकटी पूजा, पंचविशीच्या आसपास, लग्नाला तीन वर्षं झालेली आणि अजून पाळणा हललेला नाही. दोघींचे नवरे ट्रकवर, महिन्यातून एकदा दिसायचे. जावाजावांचं मात्र चांगलं जमायचं. शांताबाईच्या जिभेचा पट्टा चालू झाला की एक दुसरीकडं पाहायची आणि दोघी भांडी जोरात घासायच्या.

उन्हाळ्यात आरोग्य केंद्रात शिबीर लागलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच ओळखू यावा म्हणून तपासणी. आमची आशाताई संगीता दारोदार फिरली. तिशीच्या वरच्या सगळ्या बायांनी या, दुखत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. गल्लीत लगेच कुजबुज सुरू झाली. फुकट आहे म्हणजे काहीतरी असेल. नसबंदीचं तर नसेल. आत पुरुष डॉक्टर निघाला तर काय करायचं. कौसाकाकू ओट्यावरून म्हणाली, "फुकटात तपासतात अन् इकतचं दुखनं हाती देतात."

मी गेले. संगीता माझी मैत्रीण, तिचं मन मोडवलं नाही. पडद्यामागं एक उंच टेबल, त्यावर पाय दुमडून निजायचं. बाहेरगावची सिस्टर होती. तिनं आत काहीतरी थंडगार घातलं, बारीक ब्रश फिरवला आणि काचेच्या पट्टीवर पुसला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू, पण दुखलं नाही. घरी आले तर काकू दारातच उभी. टेबल होतं का खाट, ब्रश केवढा, सुई टोचली का, रक्त काढलं का, सगळं खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, सुईबिई काही नव्हती. तिनं डोळा बारीक केला आणि घरात निघून गेली.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आले. माझा ठीक होता. मंदाचा ठीक नव्हता. संगीतानं शांताबाईच्या अंगणात बसून नीट समजावून सांगितलं, की कॅन्सर आहे असं नाही. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदललेल्या दिसतात, वाशीमला जाऊन दुर्बिणीतून तपासून घ्या, वेळेवर पाहिलं तर काही होत नाही. ती एवढं सगळं बोलली, पण गल्लीनं त्यातला एकच शब्द उचलला. दुसऱ्या दिवसापासून बाया मंदाच्या घरचं विरजण न्यायच्या बंद झाल्या.

शांताबाईचा भाऊ रिठदला असतो. त्याच्या ओळखीचा शहरात कोणी डॉक्टर होता. त्यानं मंदाला न पाहताच फोनवर सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटवा. आमच्याकडं हे नवीन नाही. बाईला दोन लेकरं झाली, की पिशवी घरातल्या जुन्या पाट्यासारखी होते, आहे तोवर आहे, जड वाटली की बाहेर. शांताबाईनं ठरवलं, पेरणीच्या आधी ऑपरेशन उरकायचं, म्हणजे निंदणापर्यंत बाई उभी राहील. मंदाला कोणी विचारलं नाही. मंदाही काही बोलली नाही, याचं मला नवल वाटलं.

त्याच आठवड्यात मंदा माझ्याकडं दोन ब्लाऊज घेऊन आली. काखेत आवळतात, ढिले करून दे म्हणाली. कौसाकाकू तिच्या त्या स्टूलावर बसली होती. नंतर पूजा आली. तिचे ब्लाऊज खांद्यावरून उतरत होते, आवळून पाहिजे होते. गळ्याची हाडं वर आली होती आणि माप घेताना मान वर करत नव्हती. मी दोघींची मापं लिहून घेतली आणि कामाला लागले. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

पूजा गेल्यावर काकू म्हणाली, "सुनंदे, जिले रोग निंगाला ते फुगून राह्यली. अन् जिले कायी नायी ते वायून राह्यली. हे कसं काय?"

"काकू, मंदाचा स्वभावच तसा आहे. पूजा जावेच्या काळजीनं वाळली असेल."

"जावेच्या काळजीनं कोनी वायत नायी," काकू म्हणाली. "मले दोन जावा होत्या."

दुसऱ्या दिवशी मंदा ब्लाऊज न्यायला आली. काकूनं तिला आपल्याजवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, जो तिनं जन्मात कोणाच्या पाठीवरून फिरवला नव्हता. म्हणाली, "माय वं, लय सोसलं तू. ते सुई केवढी होती म्हनतात. दंडात टोचली ना?"

"हो ना काकू," मंदा म्हणाली.

"कोनत्या दंडात?"

"डाव्या."

माझी कात्री कापडात तशीच थांबली. काकूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मंदाला दोन उपदेश केले आणि ती रस्ता ओलांडून घरात जाईपर्यंत गप्प बसली.

"सुई होती का वं?"

"नव्हती," मी म्हटलं.

"मंग आत गेलं कोन?"

समोर पूजा खाटेवरच्या कुरडया उलटत होती. उन्हात उभी, पण घाम नाही, नुसती करपलेली. बाहेरच्या माणसाला कदाचित पटणार नाही, पण आमच्याकडं एकीच्या नावानं दुसरी जाते, याला कोणी लबाडी म्हणत नाही. रोजगार हमीवर एकीचं लेकरू आजारी असलं तर दुसरी तिच्या नावानं ओ देते. बचत गटाच्या बैठकीत एक बाई तिघींची हजेरी लावते. हा शेजारधर्म आहे. आणि आधार कार्डावरचा फोटो असा, की आपल्याच आईनं ओळखू नये. मंदाला आत जायची लाज वाटली असेल. आणि पूजाला जायचं असेल, पण तिचं वय बसत नव्हतं, आणि लेकरू नसलेली सून पिशवी तपासायला निघाली म्हटल्यावर शांताबाईनं काय काय विचारलं असतं ते मी सांगायला नको. म्हणून जावेच्या नावानं गेली. तिला आधीपासूनच काही त्रास होत असेल का, ही शंका माझ्या मनात आली.

म्हणजे रोग एकीच्या अंगात, रिपोर्ट दुसरीच्या नावावर, आणि कापायला नेणार होते भलतीलाच. खरी जिला तपासणी पाहिजे ती कुरडया वाळवत होती. मंदा का बोलत नव्हती तेही आता कळलं, तिनं तोंड उघडलं असतं तर जाव उघडी पडली असती.

मी उठले. "शांताबाईला आत्ताच्या आत्ता सांगते."

"बस खाली," काकू म्हणाली. "अन् सांगून काय करशीन? तीन सालं झाले, पोट्टीले लेकरू नायी. शांताले निमित्तच पाह्यजे. खोटं बोलली, रोग लपवला, म्हनून उद्या सकायच्या गाडीनं माहेरी धाडन. तिचा बाप तिले कोनत्या डॉक्टरकडं नेनार हाये? ते तिथंच वायून मरन. तुह्या तोंडाले टीप मार. पक्की मार."

मला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिचाच संशय येत होता. जिच्या पोटात शंका दिवस मावळेपर्यंत टिकत नसे ती बाई एवढी मोठी गोष्ट गिळून बसली, म्हणजे हिच्या मनात काहीतरी वेगळंच असणार. कदाचित हिला गल्लीतली गंमत पाहायची असेल. मी रात्री नवऱ्यालाही बोलले नाही, पण झोपही लागली नाही.

सकाळी काकू शांताबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली. "शांते, मले त्या शिबिराचा कायी भरोसा नायी. एवढ्या बाया, एवढ्या काचा. त्या बाईनं कोनाची काच कोनाले लावली असन कोनाले मालूम. तू त्या कागदावर सुनेचं पोट फाडतं का?"

"काकू, संगीतानं सोता आनून देला कागद."

"संगीताले काय समजते? इश्वास त पानपतातच गेला. वाशीमले चाल. नव्यानं तपासून घे. अन् एकीले नायी, दोघीयले घे."

"पूजाले कायले?" शांताबाई म्हणाली. "तिचं त अजून कायीच नायी."

"म्हनूनच त म्हनतो. लेकरू काहून होऊन नायी राह्यलं तेबी समजन. अन् एका घरात एकीले निंगालं, उद्या दुसरीले निंगालं, त पुन्हा गाडी करशीन का? जाऊन राह्यली तशी एकाच फेरीत उरक."

लेकरू हा शब्द बरोबर लागला. शांताबाई विचारात पडली. मी माझ्या दारातून पूजाकडं पाहत होते. तिच्या हातातली बादली तिनं खाली ठेवली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. काकूचं तिकडं लक्षही नव्हतं, निदान तसं दाखवलं तरी. ती संगीताच्या नावानं अजून बडबडतच होती.

संगीता दुपारी आली, रडवेली झालेली. "काकू, उन्हातान्हात मी बाया गोया केल्या अन् तुमी मायी बदनामी करून राह्यल्या? काचा कायले बदलतीन?" काकू म्हणाली, "बदलल्या नायी याचा काय पुरावा?" मला बोलवत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. संगीताची काहीच चूक नव्हती, शिबिराचीही नव्हती. चांगल्या कामाला ही बाई डोळे उघडे ठेवून चिखल फासत होती. तिला आवडतं म्हणून फासत होती की दुसरा रस्ता नव्हता म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन्हीही असेल.

वाशीमला आम्ही पाचजणी गेलो. शांताबाई, दोन सुना, काकू आणि मी. मला काकूनं नेलं, कारण तिचा माझ्या तोंडावर भरोसा नव्हता. सरकारी दवाखान्यात शांताबाई सुनांना घेऊन आत गेली आणि आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. काकूनं पिशवीतून भाकरी काढली, पण खाल्ली नाही, फडक्यात तशीच धरून ठेवली.

"सुनंदे, मी पूजाएवढीच होतो तवा," ती मधेच म्हणाली. "अंगावरून जात होतं. मालकानं एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोट दाबलं अन् सांगतलं, पिशवी खराब झाली, ठेवली त कॅन्सर होईन. तपासलं कायीच नायी. चौथ्या रोजी काढली. माहं एकच लेकरू होतं. मले एक पोरगी पाह्यजे होती."

मी तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ती स्वतःबद्दल एवढं कधी बोलली नव्हती.

"खरंच खराब होती का वं?" ती मला विचारत नव्हती. "खराब असन त त्यानं मले वाचवलं, अन् मी उभ्या जन्मात त्याले शिव्या देल्या. नसन त मंग काय म्हनाव. डॉक्टर मेला, मालक मेले. आता कोनाले इचारू?"

मी तिच्या हातातली भाकरी घेतली, एक तुकडा मोडून तिला दिला, आणि तिनं तो न तपासता खाल्ला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोघींना दुर्बिणीतून पाहिलं. मंदाचं स्वच्छ होतं. पूजाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत गल्लीतलं वातावरण असं होतं, की समोरच्या घरात तवा खाली पडला तरी आम्ही दारात यायचो. पूजा माझ्याकडं यायची, हातात काही काम नसताना बसायची, विचारायची, "ताई, मले माहेरी धाडतीन का?" आजाराचं तिनं एकदाही विचारलं नाही.

रिपोर्ट घ्यायला पुन्हा सगळ्या गेलो. या वेळी काकूही आत घुसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण पेशी बदललेल्या आहेत. तशाच सोडल्या तर काही वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. तेवढा भाग काढून टाकू, त्याच दिवशी घरी जाता येईल."

"मंग पिशवी कोनत्या रोजी काढता?" काकूनं विचारलं.

"पिशवी काढायचीच नाही, मावशी."

"म्हनजे आता नायी. पुढच्या महिन्यात."

"कधीच नाही. पिशवीला हातही लावायचा नाही."

"मंग लेकरू होनार नायी तिले."

"का नाही होणार? यामुळं काही अडत नाही. फक्त दरवर्षी तपासायला यायचं."

काकूनं श्वास सोडला आणि पदर नीट केला. शांताबाईला मात्र दुसरंच पडलं होतं. "पन बाई, हे येते कुठून? हिनं कुठून आनलं?"

"हा एक विषाणू असतो. बहुतेक बायांना कधी ना कधी होतो, नवऱ्याकडून बायकोला येतो. बऱ्याच जणींचा आपोआप जातो, काहींचा राहतो. यात वागणुकीचा काही प्रश्न नाही."

"आयकलं का शांते," काकू म्हणाली. "तुह्याच घरातून आनलं. लेक महिन्यानं ट्रकवरून घरी येते, तवा त्याले इचार."

डॉक्टरीणबाईंनी शिबिराचा जुना कागद उचलला, मंदाकडं पाहिलं, खाली मान घातलेल्या पूजाकडं पाहिलं, आणि मग बराच वेळ काकूकडं. "काच बदलली असेल, असं म्हणता तुम्ही?"

"असंच म्हनतो."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "जिला गरज होती ती आली, एवढं पुरे आहे."

पूजाची ती छोटी शस्त्रक्रिया झाली. मंदाची पिशवी वाचली, पूजाचं घर वाचलं. शांताबाई गावभर सांगत फिरली, शिबिरवाल्यांनी कसा घोळ घातला होता आणि आपण कसा वेळेवर ओळखला. संगीता कौसाकाकूशी बोलायची बंद झाली ती आजपर्यंत. मी तिला खरं सांगू शकत नव्हते. ती समोर आली की मी मशीन उगाच जोरात चालवायची.

पुढचं शिबीर लागलं तेव्हा व्हायचं तेच झालं, गल्लीतून एकही बाई जाईना. काचा बदलतात म्हणे. मी काकूला चांगलंच सुनावलं, की ही तुमची करणी आहे, आता निस्तरा. ती सकाळी आरोग्य केंद्राच्या दारात स्टूल टाकून बसली आणि बायांना निरोप धाडला, मी पाहून राह्यली, कोनाची काच बदलू देत नायी, या तुमी. कौसाकाकूच्या नजरेतून चिंधी सुटत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं. बाया आल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकीचा पदर बाजूला सारून ती तोंड पाहायची, नाव विचारायची, मगच सोडायची. संगीता तिच्याकडं न पाहता तिच्या शेजारून जात-येत होती.

पूजा तब्येतीनं सुधारली. लेकरू अजून नाही झालं, पण चेहऱ्यावर पाणी आलं. एकदा माझ्याकडं बसून म्हणाली, "ताई, काकू लय खडूस हाये. पन तिच्या त्या येड्या शंकेनं माहा जीव वाचला. अन् गंमत म्हनजे तिले मालूमच नायी तिनं काय केलं ते." मी तोंडात सुया धरल्या होत्या, तशाच धरून ठेवल्या.

नंतर काकूचे गुडघे गेले. ओट्यावरून घरात जायलाही भिंत धरावी लागायची. मुलगा पुण्याहून न्यायला आला, तर तिची शंका, याला घर विकायचं असेल. तरी शेवटी तयार झाली. निघायच्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसली होती, मुलगा गाडीत गाठोडी भरत होता आणि ती त्याच्यावर लक्ष ठेवून होती. मी तिच्या शेजारी बसले होते. मला रडू येत होतं आणि तिला ते आवडलं नसतं.

समोरून पूजा निघाली. धुवट साडी, खांद्याला पिशवी.

"कुठं चालली वं?" काकूनं विचारलं.

"वाशीमले, काकू. वर्साची तपासनी हाये. दुपारी येतो, तवर जाऊ नका."

"एकटीच?"

"हो. आता भेव नायी वाटत."

काकूनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. डावा डोळा बारीक केला नाही. साधं, एखाद्या लेकीला विचारावं तसं विचारलं, "अन् कोनाच्या नावानं?"

पूजा रस्त्याच्या मधोमध थांबली. आधी तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मान खाली घातली. मग ती काकूकडं पाहत राहिली. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला तरी हलली नाही. पिशवी खांद्यावरून उतरून हातात आली होती. ती ओट्यापाशी आली, खाली बसली आणि काकूच्या दुखऱ्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं.

"माह्या," ती म्हणाली. "माह्याच नावानं, काकू."

"मंग ऊठ," काकू म्हणाली. "गाडी निंगून जाईन."